आमचा एक कोयता

मागच्या रविवारी साताऱ्याहून धाकट्या जावेचा फोन आला होता. इकडचं तिकडचं सगळं झालं, तिच्या गुडघ्याचं झालं, माझ्या गुडघ्याचं झालं, आणि मग जरा थांबून म्हणाली, "अक्का, फिरताय ते फिरा, पण या वयात लोकांचे संडास धुवायला कशाला जाताय? काय कमी आहे का तुम्हाला?" तिच्या बोलण्यात खोच नव्हती, काळजी होती. पण रेंज जात-येत होती आणि मला धड काही सांगता आलं नाही, आणि खरं तर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाहीच, म्हणून इथं सविस्तर लिहायला बसलेय. तिलाही वाचायला पाठवीन.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मी ६७ वर्षांची, हे ७० वर्षांचे. न्यू जर्सीत एडिसनला छत्तीस वर्षं काढली. ह्यांचं पुलांच्या डिझाइनचं काम, माझं हॉस्पिटलच्या लॅबमधलं, त्यातली बावीस वर्षं नाइट शिफ्ट. मी घरी यायची तेव्हा हे डबा घेऊन निघायचे. मुलीला कोण सोडणार, दूध आणायचंय, प्लंबर येणारे, असा आमचा बराचसा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर झाला. तक्रार नाही, सगळ्यांचंच तसं चाललेलं. पण २०२१ मध्ये घर विकलं आणि पंचवीस फुटी राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घरच, आणि तो ओढायला पिकअप घेतला तेव्हा मला मनातून भीती होती ती रस्त्याची नव्हती, भीती ही होती की चोवीस तास एकाच खोलीत हा माणूस आणि मी, आम्ही बोलणार काय?

पुण्यातल्या नातेवाइकांनी तेव्हाच 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणून घेतलं. पण बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं म्हणजे कागदपत्रं आधी, कारण घर विकलं की पत्ता जातो, आणि या देशात पत्ता नसेल तर लायसन्स, इन्शुरन्स, मतदान सगळंच अडतं. फुलटाइम आरव्हीवाले, म्हणजे अशा चाकांवरच्या घरात बारा महिने राहणारे, म्हणून बहुतेक तीन राज्यांपैकी एक धरतात, साउथ डकोटा, टेक्सास नाहीतर फ्लोरिडा, तिन्हीकडं राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि टपाल गोळा करून तुम्ही असाल तिथं पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. आम्ही साउथ डकोटा घेतलं. तिथल्या कॅम्पग्राउंडवर एक रात्र राहिल्याची पावती आणि टपालाचा पत्ता, एवढ्यावर आम्हाला लायसन्स मिळालं. औषधोपचाराचं म्हणाल तर ठरावीक डॉक्टरांच्या नेटवर्कवाला प्लॅन आम्ही घेतलाच नाही, मूळ मेडिकेअर (म्हातारपणाचा सरकारी आरोग्यविमा) आणि वर सप्लिमेंटचा जादा विमा, म्हणजे मेडिकेअर घेणारा कुठल्याही राज्यातला डॉक्टर चालतो. हप्ता जास्त पडतो पण फिरत्या माणसानं यात कंजुषी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बासष्ट पूर्ण झालेल्या, इथं सिटिझन किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या प्रत्येकानं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, पार्कांचा सीनियर पास काढावाच. २०१७ पर्यंत तो दहा डॉलरला होता, आम्ही ऐंशी देऊन काढला, पण आयुष्यभराचा, आणि बऱ्याच फेडरल कॅम्पग्राउंडवर साइटचं, म्हणजे ट्रेलर लावायच्या जागेचं, भाडं त्यावर निम्मं होतं. स्टेट पार्कांत मात्र तो चालत नाही, तिथं वाद घालत बसू नका.

पहिलं वर्ष आम्ही नुसते फिरलो. छान वाटलं पण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंतच. मग मला कळेना की आज काय वार आहे. दर दोन दिवसांनी नवं डबकं, नवा धबधबा, नवं व्हिजिटर सेंटर, संध्याकाळी हे त्यांच्या मोबाइलवर, मी माझ्या. त्यात ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग असतो, स्लाइड, तिच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं आणि एका डीलरनं ट्रेलर सहा आठवडे यार्डात ठेवून घेतला, 'पार्ट यायचाय' यापलीकडं उत्तर नाही, आम्ही मॉटेलमध्ये सुटकेसवर राहिलो. त्या मॉटेलमध्येच एक कॅन्सासची जोडी भेटली, आमच्याच वयाची, त्यांनी वर्कॅम्पिंगचं सांगितलं. म्हणजे असं की उन्हाळ्याचे महिने एका कॅम्पग्राउंडवर काम करायचं, त्या बदल्यात साइट फुकट, वीज-पाणी-सुएरेज फुकट, आणि जागेनुसार वर पगार. स्टेट पार्कांत, नॅशनल फॉरेस्टमध्ये, धरणांवरच्या कॅम्पग्राउंडवर कॅम्प होस्ट म्हणून बहुतेक व्हॉलंटिअरच असतात, खासगी पार्कांत तासाचे पैसे मिळतात. आणि जाहिराती वाचल्या तर त्यात सारखं एक यायचं, जोडी हवी. दोघं मिळून इतके तास. एक नाव, एक साइट, एक काम.

ते वाचून माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो 'कोयता'. तो का, ते पुढं येईलच.

साउथ डकोटात ब्लॅक हिल्स म्हणून डोंगर आहेत, तिथं कस्टर स्टेट पार्क आहे, आम्ही तिथं तीन उन्हाळे काढलेत. दोघांचे मिळून आठवड्याला वीस-पंचवीस तास. सकाळी आठला निघायचं, हे फावडं आणि लोखंडी बादली घेऊन, मी हातमोजे, झाडू, टॉयलेट पेपरचे रोल आणि साइटवर लावायच्या नावांच्या चिठ्ठ्या घेऊन. जावेनं विचारलं ते संडास मी धुते, हो. वीस मिनिटांचं काम आहे. रबरी हातमोजे, ब्रश, जंतुनाशक, वरून पाणी. बावीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या लघवी-शौचाच्या बाटल्या हाताळल्या त्या इभ्रतीच्या आणि हे कमीपणाचं, असं मला तरी वाटत नाही. एखादी आई रात्री दोन वाजता लहान पोराला घेऊन टॉर्चच्या उजेडात तिथं जाते आणि ते स्वच्छ असतं, एवढ्यासाठी मी ते मनापासून करते.

खरं कष्टाचं काम फायर रिंगचं. प्रत्येक साइटवर एक लोखंडी कडं असतं, त्यात लोक शेकोटी करतात, आणि सकाळी निघताना बहुतेकांना वाटतं ती विझली. वरून राख अगदी पांढरी, थंड, मऊ दिसते. ह्यांनी पहिल्या आठवड्यात तशी राख बादलीत भरली आणि बादलीचा तळ तापायला लागला, आत निखारा जिवंत. तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली आहे, आधी पाणी, मग फावड्यानं ढवळायचं, परत पाणी, मग हाताची पालथी बाजू राखेच्या वर धरायची, जरा जरी ऊब लागली तरी परत पाणी. मग त्यातून खिळे, बाटल्यांची बुचं, ॲल्युमिनियम फॉइलचे गोळे, एकदा एक अख्खा चमचा, असं सगळं वेचून काढायचं. आमची आजी चूल विझवताना नेमकं हेच करायची, राखेवर पालथा हात. डोंगरातली झाडं पाइनची, वाळलेली, वारा सुटलेला, तिथं एका निखाऱ्यानं काय होईल ते सांगायला नको. म्हणून कोणी 'आम्ही रात्रीच विझवली होती' म्हणालं तरी मी ऐकून घेते आणि पाणी ओततेच.

आणि बायसन, आपल्या रानगव्यासारखे. इथं सगळे त्यांना बफलोच म्हणतात. पार्कात त्यांचा मोठा कळप मोकळा फिरतो, हजाराच्या वर, आणि सप्टेंबरअखेरीला घोडेस्वार तो सगळा कळप हाकून एका जागी आणतात ते बघायला हजारो लोक पहाटेपासून टेकड्यांवर येऊन बसतात. पण रोजचं सांगायचं तर एखादा एकटा नर सकाळी कॅम्पग्राउंडमध्ये येतो, तंबूंच्या मधून चरत चरत जातो. नऊशे किलोपर्यंत वजन, आणि धावला तर ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तो उभा असताना इतका मंद, इतका गरीब वाटतो की लोक मोबाइल घेऊन जवळ जातात. मी त्यांना एकच सांगते, शेपटी बघा. शेपटी सैल लोंबत असेल तर तो त्याच्या विचारात आहे, शेपटी वर झाली की गाडीत बसा. हे मला तिथल्या रेंजरनं शिकवलं, पण शिकायला वेळ लागला नाही, आमच्या वस्तीवर मारका बैल होता.

सप्टेंबर संपत आला की आम्ही तिथून निघतो आणि काही दिवसांचा रस्ता करून ईशान्येला रेड रिव्हरच्या खोऱ्यात जातो. आता हे मला नीट सांगायचंय.

ही नदी नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या मधून वाहते आणि चक्क उत्तरेला कॅनडात जाते. हिमयुगात तिथं अगासिझ म्हणून समुद्राएवढं सरोवर होतं, त्याच्या तळाची ही जमीन, त्यामुळं परातीसारखी सपाट आणि काळीभोर, आणि पाऊस पडला की बुटाला अशी चिकटते की मला पहिल्या दिवशी एकदम कृष्णाकाठ आठवला. इथं शुगर बीट पिकतं. सॅलडमधलं लाल बीट नव्हे, हे पांढरट, मोठ्या जाड मुळ्यासारखं, एकेक सहज किलो-दीड किलोचं, त्यात साखर असते १५ ते १८ टक्के. मुख्य काढणी १ ऑक्टोबरला सुरू होते आणि जमीन गोठायच्या आत सगळं पीक वर काढायचं म्हणजे दिवसरात्र चालते, बारा-बारा तासांच्या दोन शिफ्टा. तेवढ्या दोन-तीन आठवड्यांसाठी एवढी माणसं स्थानिक मिळत नाहीत म्हणून आमच्यासारखे आरव्हीवाले देशभरातून येतात. आणि यात मला सगळ्यात मोठं वाटलं ते हे की तिथली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी शेतकऱ्यांच्या मालकीची आहे, १९७३ साली खोऱ्यातल्या बीट उत्पादकांनी ती विकत घेतली आणि सहकारी केली. म्हणजे सहकारी साखर कारखानाच की हो! प्रवरानगरला १९५० मध्ये आपल्याकडं पहिला गाळप हंगाम झाला, आम्ही शाळेत पाठ केलेलं, आणि सत्तराहून जास्त वर्षांनी मी हेल्मेट घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला सहकारी साखरेच्या लायनीत उभी.

काम असं. शेतातून ट्रक येतात, एकामागं एक, संपतच नाहीत. पायलर म्हणून एक अजस्र यंत्र असतं, ट्रक त्याच्यावर चढवायचा, तो बीट ओततो, यंत्र माती झाडतं आणि पट्ट्यावरून बीट वर नेऊन ढिगावर टाकतं. ढीग म्हणजे दोन-अडीच मजली घराएवढा उंच आणि लांबच लांब. झाडलेली माती परत त्याच ट्रकमध्ये भरून शेतकऱ्याला द्यायची, त्याची जमीन त्याला परत. हे मला फार आवडतं. आमचं काम जमिनीवरचं, हातवारे करून ट्रक नीट आणायचा, चिठ्ठी द्यायची-घ्यायची, सांडलेलं बीट फावड्यानं ओढायचं, आणि ज्या ट्रकचं सँपल घ्यायचंय त्याचं सँपल घ्यायचं. त्यासाठी जाड कापडी पिशवी नळीच्या तोंडाला धरायची, बटण दाबायचं, धाडधाड दहा-बारा किलो बीट पिशवीत पडतं, हाताला हिसका बसतो, चिठ्ठी आत टाकायची, दोरी ओढून गाठ मारायची. त्या पिशवीवर त्या शेतकऱ्याची साखर किती आणि माती किती ते ठरतं, म्हणजे त्याचे पैसे ठरतात. माझ्या अख्ख्या आयुष्याचं काम सँपल नीट घेणं हेच होतं, म्हणून ती चिठ्ठी मी प्रत्येक वेळी दोनदा वाचते, कितीही थंडी असो.

जास्त ऊन पडलं तरी काम बंद करतात, कारण बीट गरम असताना ढिगात घातलं तर आतल्या आत तापून सडतं. जास्त गोठलं तरी बंद. थंड आणि कोरडं असलं तर तेच बीट उघड्यावर महिनोन्महिने टिकतं, पार पुढच्या वसंतापर्यंत कारखाना त्यावर चालतो. ऊस तोडला की दुसऱ्या दिवसापासून साखर उतरायला लागते, म्हणून आपल्याकडं टोळीच्या पाठीमागं सारखी घाई असते.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीजवळ. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते, सुकडी खाल्लीय, खडी फोडायला गेलेय. आमच्या गावातनं दिवाळीच्या आगेमागे टोळ्या खाली ऊसतोडीला जायच्या. शेजारच्या काकी जायच्या, कडेवर धाकटा, थोरली पोरगी घरी म्हातारीपाशी ठेवून. मुकादम माणसं मोजायचा नाही, कोयते मोजायचा. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची आणि डोक्यावर वाहायची. एकटा असेल तर तो अर्धा कोयता. लहानपणी मला वाटायचं, माणसाला अर्धं कसं म्हणतात.

कुणी गैरसमज करून घेऊ नये. काकी उचल घेऊन बसलेल्या असायच्या, ती फिटेपर्यंत सुटका नाही, पाचटाच्या कोपीत पाच महिने, पोराला उसाच्या सरीत झोपवायचं. आज बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ते वाचून माझा जीव तुटतो. आम्ही मनानं जातो, ट्रेलरमध्ये हीटर आहे, महिन्याच्या महिन्याला सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, येते, आणि पाठ दुखली तर उद्या येत नाही म्हणून सांगता येतं. काकींना हे म्हणता आलं नाही कधी. तेव्हा मी त्यांच्या कष्टाशी माझं काम ताडून बघत नाही. पण बारा तास उभं राहिल्यावर रात्री पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा मला त्या दिसतात, आणि लहानपणी त्या परत आल्यावर नुसत्या भिंतीला टेकून का बसून राहायच्या ते आता कळतं.

पहिल्या वर्षी विनंती केली म्हणून आम्हाला दोघांना एकाच पायलरवर दिलं. तिसऱ्या दिवशी रात्री पूर्ण अंधार, वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही, यंत्राचा आवाज वेगळा, आणि ट्रक मागून मागून येतायत. लायनीची एक बाजू ह्यांची, दुसरी माझी. आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही दोन तास एक शब्द न बोलता काम करतोय आणि कुठं अडत नाहीये. ट्रेलर साइटवर मागं घेताना मी पाठीमागं उभी राहते आणि हे गाडी चालवतात, त्याच्या आमच्या खुणा ठरलेल्या आहेत, पंजा उघडा म्हणजे ये, मूठ म्हणजे थांब, दोन्ही हात जवळ आणले म्हणजे एवढंच राहिलंय. पहिल्या वर्षी त्यावरून आमची रडारड होईस्तोवर भांडणं झाली होती. (कुणी नवीन शिकत असेल तर स्टिअरिंगला हात खालच्या बाजूला धरा, ट्रेलरचं बूड जिकडं न्यायचंय तिकडंच हात न्यायचा, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.) त्याच खुणा आम्ही ट्रकला करत होतो आणि एकमेकांनाही. ह्यांनी मूठ दाखवली की मी न बघता थांबत होते. मध्ये दहा मिनिटं मिळाली तेव्हा थर्मासमधला चहा झाकणात ओतून ह्यांनी आधी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अगं, बोटं बघू." हातमोजे काढून बोटं बघितली, चोळून दिली. छत्तीस वर्षांत आम्ही एका शिफ्टला कधी नव्हतो.

हे मी जावेला फोनवर सांगू शकले नाही.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगते. ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री पाण्याचा होज गोठून दगड झाला, सकाळी चहाला पाणी नाही, तेव्हा कळलं की आता खाली पळायचं. तिथून ॲरिझोना, क्वार्ट्झसाइट. वाळवंटात सरकारी जमीन आहे, आम्ही राहिलो त्या वर्षी सप्टेंबर मध्यापासून एप्रिल मध्यापर्यंत सात महिन्यांचे मिळून १८० डॉलर. पण साइटवर वीज नाही, नळ नाही. टाकीत दीडशे लिटर पाणी, दोघांना दहा दिवस. बाकीचे लोक धडपडत असतात, मला काही वाटत नाही, माणची मुलगी आहे मी, एका तांब्यात तोंड-हात-पाय होतात आणि तेच पाणी परत झाडाला जायचं आमच्याकडं. तिथं सोलरवर मिक्सर चालत नाही म्हणून पाटा घेतला एका फिरत्या बाजारातून, मेक्सिकन लोकांचा, तीन पायांचा, काळ्या दगडाचा. त्यावर लसणाची चटणी आपल्या पाट्यासारखीच होते. फोडणी मात्र बाहेरच्या शेगडीवर, आत केली की स्मोक अलार्म वाजतो. गावाच्या कब्रस्तानात एक दगडी पिरॅमिड आहे, त्यावर उंट. हाजी अली नावाचा माणूस १८५६ मध्ये अमेरिकेच्या सैन्याचे उंट घेऊन ऑटोमन मुलखातून इकडं आला, इथल्यांनी त्याचं हाय जॉली करून टाकलं, तो १९०२ मध्ये इथंच गेला. दर वर्षी तिथं गेलो की मी थोडा वेळ उभी राहते. कुठला माणूस, कुठल्या वाळवंटात.

किती वर्षं करणार, हा प्रश्न मुलगी विचारते. ह्यांना मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता रात्रीचं ड्रायव्हिंग पूर्ण बंद केलंय, दिवसाला दोनशे मैलांच्या वर जात नाही, तीनच्या आत साइटवर. माझा उजवा गुडघा जिन्याला नको म्हणतो. ट्रेलरला तीनच पायऱ्या आहेत. ज्या वर्षी त्या जड होतील त्या वर्षी थांबू, मुलीच्या गावात छोटी भाड्याची जागा बघून ठेवलीय, त्याबद्दल आमच्यात वाद नाही.

पण या ऑक्टोबरचा फॉर्म आलाय. त्यात जोडीदाराचं नाव टाकायचा रकाना आहे आणि खाली विचारलंय, एकाच शिफ्टला ठेवायचं का. ह्यांनी त्यांचा भरून परवाच पाठवला, मी आज पाठवला. गेल्या वर्षी तिथं माझ्या मापाचे हातमोजे संपले होते, मोठ्या मापात पिशवीची गाठ नीट बसत नाही, म्हणून या वेळी ब्लॅक हिल्सजवळच्या रॅपिड सिटीतूनच चार जोड घेऊन ठेवलेत.